रायफल सगळ्यात शेवटी: १० मीटर नेमबाजी शून्यापासून सुरू करताना

आमच्या कपाटामागे एक एअर रायफल उभी आहे. नळी मोडून छर्रा भरायची, स्प्रिंगवर चालणारी. लेक उन्हाळी शिबिरातून आली, "आई, मला शूटिंग करायचंय" म्हणाली, आणि तिसऱ्याच दिवशी मी ती विकत आणली. दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, एकदम पॉवरफुल आहे." रेंजवर नेली तेव्हा कोचनी ती हातात घेतली, एकदा उघडून बघितली आणि शांतपणे परत दिली. "ताई, ही घरीच ठेवा."

पुढे लेकीला सोडायला-आणायला जाता जाता बाकावर बसून मला कंटाळा आला आणि एकोणचाळिसाव्या वर्षी मीच लेनवर उभी राहिले. लेकीने दहावीच्या वर्षी सोडलं ते सोडलंच. मी अजून जाते. मी काही पदकवाली नेमबाज नाही, जिल्हा आणि राज्य स्पर्धेच्या गर्दीतली एक. पण सुरुवातीला करायच्या बहुतेक चुका मी स्वतःच्या पैशाने करून बसले आहे, म्हणून हे लिहिते.

१. आधी रेंज बघा

तुमच्या जिल्ह्यात रायफल असोसिएशन आहे का, आणि तिच्याशी संलग्न १० मीटरची रेंज कुठे आहे, एवढं शोधणं हे पहिलं काम. पुण्यात बालेवाडीचं क्रीडासंकुल आहे, मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, कोल्हापुरात दुधाळीची. तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसळे या कोल्हापूरच्या दोघांची नावं ऐकून तिथे येणारी मुलं पुष्कळ आहेत. लहान गावांतही आता शाळेच्या किंवा मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये दहा-बारा लेनच्या खासगी रेंज निघाल्या आहेत. १० मीटरला जागा फार लागत नाही, त्यामुळे हे शक्य होतं.

प्रवेश घेण्याआधी एक संध्याकाळ नुसतं जाऊन बसा. फी, एसी, इलेक्ट्रॉनिक टार्गेट हे नंतर बघता येईल. बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. कोच मुलांच्या मागे उभे असतात की खुर्चीत मोबाइलवर असतात? टार्गेट बदलायला कुणी पुढे जात असताना बाकीच्यांच्या रायफली खाली ठेवलेल्या, उघड्या असतात का? नवीन आलेल्या मुलाच्या हातात पहिल्याच दिवशी भरलेली रायफल देतात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर दुसरी रेंज शोधा.

आणि विचारा: क्लबची रायफल वापरायला मिळेल का? चांगल्या रेंजवर पहिले काही महिने तीच देतात. जिथे पहिल्या आठवड्यातच "रायफल घ्या, आमच्याकडेच मिळेल" सुरू होतं, तिथे सावध राहा.

२. रायफल की पिस्तूल

हा प्रश्न सगळे विचारतात आणि उत्तर कोचच देतात. तरी थोडी कल्पना असावी.

रायफल म्हणजे जवळपास पाच किलोचं ओझं. नियमाने साडेपाच किलोपर्यंत चालतं. अंगात कडक कॅनव्हासचं जॅकेट, पँट, हातमोजा, जाड बूट. टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा ४.५ मिमीचा असल्याने ठिपक्याला नुसता शिवला तरी दहा मिळतात, म्हणजे केंद्रापासून अडीच मिलिमीटरची सूट. त्यातही दशांश मोजतात: १०.० पासून १०.९ पर्यंत. ६० शॉटचे जास्तीत जास्त ६५४.

पिस्तूल एका हाताने. दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात. जॅकेट नाही, मनगटाला आधार नाही. दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं, त्या मानाने उदार वाटतं. पण हात हवेत लांब धरून उभं राहिलात की ते उदार वगैरे काही वाटत नाही. चाप ओढायला किमान ५०० ग्रॅम जोर लागला पाहिजे, असा नियम आहे. रायफलला ती अट नाही, त्यामुळे तिथे चाप पिसासारखा हलका असतो. गुण पूर्णांकात, ६० शॉटचे ६००.

पिस्तुलाचा सुरुवातीचा खर्च कमी, कारण पोशाखच नाही. पाठीचं किंवा कंबरेचं दुखणं असेल तर रायफलच्या आधी डॉक्टरांना विचारा, कारण तिथे उभं राहण्याची ढब कमरेला पीळ देणारी असते. मी रायफल घेतली ती लेकीचं जॅकेट घरात पडून होतं म्हणून. असल्या कारणांनीही खेळ ठरतात.

३. कायदा आणि कागद

४.५ मिमी, म्हणजे ज्याला दुकानात .१७७ म्हणतात, त्या नळीची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेली एअर रायफल किंवा पिस्तूल घ्यायला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही. ही मर्यादा २०१६ च्या शस्त्र नियमांत दिलेली आहे. स्पर्धेच्या रायफलची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास असते, त्यामुळे ती निर्धास्त या मर्यादेत बसते. पण ५.५ मिमीची, .२२ ची एअर रायफल यात बसत नाही. "सगळ्या एअरगन फ्री आहेत" असं सांगणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्यावर जाऊ नका. परदेशी संकेतस्थळावरून थेट मागवण्याच्याही फंदात पडू नका. आयातीवर निर्बंध आहेत आणि पार्सल कस्टम्समध्ये अडकलं की पैसे आणि रायफल दोन्ही तिथेच. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या.

एक प्लास्टिकची फाइल करून तिच्यात हे ठेवा:

- आधार कार्ड आणि पत्त्याचा पुरावा, प्रत्येकी चार-पाच झेरॉक्स
- जन्मदाखला (वयोगट यावरूनच ठरतो, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि आधारवर तारीख वेगळी असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या)
- पासपोर्ट आकाराचे फोटो, एक डझन
- शाळा-कॉलेजचं बोनाफाइड, लागू असेल तर
- क्लबची आणि जिल्हा असोसिएशनची सभासदत्वाची पावती
- पुढे रायफल घेतलीत की तिचं बिल, त्यावर रायफलचा क्रमांक लिहिलेला

बिलावर क्रमांक नसेल तर दुकानातून निघू नका. रायफल घेऊन एसटीने किंवा रेल्वेने जाताना कुणी हटकलं तर ते बिल आणि असोसिएशनचं कार्ड हीच तुमची ओळख. रायफल कायम कडक पेटीत, कुलूप लावून. पाठीवर उघडी टाकून बाइकवर जाणारी मुलं मी पाहिली आहेत. पोलिसांनी थांबवलं तर त्यात पोलिसांची चूक नाही.

४. सुरक्षेचे नियम

हे वाचून डोळे पुढे सरकवू नका. १० मीटरवर साधं 'टक्' होतं, आवाज नाही, धूर नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. छर्रा साधारण सेकंदाला १७० मीटर वेगाने जातो आणि डोळा कायमचा घालवू शकतो.

नळीचं तोंड नेहमी टार्गेटकडे. कुणाशी बोलायला वळलात तरी रायफल वळत नाही. बोट चापावर फक्त नेम धरल्यावर. रायफल हातात नसेल तेव्हा तिची कोठी, म्हणजे छर्रा भरायची जागा, उघडी आणि नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे आरपार जाणारी रंगीत दोरी. 'स्टॉप' ऐकलं की जिथे असाल तिथे थांबायचं, 'एवढा एक शॉट' नाही. भरलेली रायफल कधीही खाली ठेवायची नाही. थांबा म्हटल्यावर छर्रा आत असेल तर हात वर करून सांगायचं, लाजायचं नाही.

आणि शिसं. छर्रे शिशाचे असतात, बोटांना राखाडी रंग लागतो. रेंजवर वडापाव खायचा नाही, पाण्याच्या बाटलीचं तोंडही शक्यतो हात धुऊनच धरायचं. साबण आणि गार पाणी. तोंडात छर्रे धरून एकेक काढून भरणारे जुने लोक अजून दिसतात; त्यांचं अनुकरण करू नका.

५. पहिला महिना: रिकामी रायफल

इथे सगळ्यात जास्त लोक गळतात, कारण छर्रा उडत नाही आणि कंटाळा येतो. माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे.

उजव्या हाताने मारणाऱ्यासाठी सांगते, डावरे असाल तर उलटं करा. टार्गेटला डावी बाजू करून आडवं उभं राहायचं. पावलं खांद्याएवढ्या अंतरावर. डावं कंबरेचं हाड थोडं टार्गेटकडे ढकलायचं आणि डाव्या हाताचं कोपर त्या हाडावर किंवा बरगडीवर टेकवायचं. रायफलचं वजन हातावर येताच कामा नये. ते हातातून कोपरात, कोपरातून कंबरेत, कंबरेतून पायात उतरलं पाहिजे. डोक्यावर हंडा नेणारी बाई जशी हाडांवर तोलते, स्नायूंवर नाही, अगदी तसं. हात थरथरतोय म्हणजे तुम्ही रायफल उचलून धरली आहे. ती ठेवायची असते.

मग गालफड दस्त्यावर, गालासाठी असलेल्या आधारावर टेकवायचं. मान पुढे ताणायची नाही. रायफल गालाकडे येते, गाल रायफलकडे जात नाही.

आता एक गंमत करून बघा. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, अंग सैल सोडा आणि डोळे उघडा. नेम टार्गेटच्या डावीकडे गेलेला दिसेल, किंवा खाली, किंवा शेजारच्याच लेनवर. तुमचं शरीर मुळात तिकडे बघत होतं आणि तुम्ही हाताच्या जोराने रायफल इकडे ओढून धरली होती. यावर उपाय हाताने ढकलण्याचा नाही. मागचं पाऊल जरासं सरकवायचं आणि पुन्हा डोळे मिटायचे. डोळे उघडल्यावर नेम जागेवर सापडेपर्यंत हेच. मला हे नीट जमायला सहा आठवडे लागले. आजही प्रत्येक सीरिजच्या, म्हणजे दहा शॉटच्या फेरीच्या, आधी करते, आणि ज्या दिवशी आळस करते त्या दिवशी सगळे छर्रे नऊवर डावीकडे एका पुंजक्यात.

श्वासाचं असं: नेम खाली आणताना श्वास सोडायचा, अर्धा सोडून झाला की थांबायचं. तिथून पाच ते आठ सेकंदांत शॉट गेला पाहिजे. नाही गेला तर रायफल खाली. नवशिक्याला ही सगळ्यात अवघड गोष्ट वाटते. एवढं सगळं जुळवून आणलं आणि आता सोडायचं? हो, सोडायचं. दहाव्या सेकंदानंतर डोळ्याला काळा ठिपका स्थिर दिसतो, पण तो डोळ्याचा थकवा असतो, स्थिरता नसते.

चाप सुटल्यावरही एक-दोन सेकंद तसंच उभं राहायचं. चाप सुटल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत काही मिलिसेकंद जातात आणि तेवढ्यात तुम्ही 'कुठे लागला?' म्हणून मान उचललीत तर तो मान उचलल्याच्या जागीच लागतो.

घरी सराव करायचा तो असाच, रिकाम्या रायफलने. स्पर्धेच्या रायफलींना ड्राय फायरची वेगळी सोय असते. स्प्रिंगवाल्या रायफलने मात्र रिकामा शॉट मारू नका, आतला पिस्टन आपटून खराब होतो. माझ्याकडे पहिले तीन महिने स्पर्धेची रायफल नव्हतीच. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक काळी टिकली चिकटवली आणि लाटण्याला दोन पाण्याच्या बाटल्या बांधून समोर उभी राहायचे. कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये दहा वेळा नेम. सासूबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, नंतर विचारायचं सोडलं.

६. छर्रे

कोणते छर्रे घ्यायचे, यावर रेंजवर तासन्‌तास चर्चा चालते. नवशिक्याने त्यातलं ऐंशी टक्के सोडून द्यावं. उरलेलं हे.

सपाट तोंडाचे घ्या. त्याने कागदावर कंपासने काढल्यासारखं गोल भोक पडतं आणि गुण मोजता येतात. टोकदार किंवा गोल तोंडाचे छर्रे शिकारीच्या कल्पनेतून आलेले असतात, कागद फाडतात. स्टीलच्या गोळ्या चुकूनही भरू नका. स्पर्धेची नळी मऊ शिशासाठी असते, स्टीलने आतले आटे खराब होतात.

डब्यावर ४.४९ किंवा ४.५० असा आकडा असतो. तो छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास. प्रत्येक नळीला एखादा आकार जास्त मानवतो, आणि तो कुठला हे रायफल शिकंज्यात पकडून पाच-पाच शॉट मारून बघतात. पण तुमचा स्वतःचा ग्रुप, म्हणजे छर्ऱ्यांचा पुंजका, जोवर एक रुपयाच्या नाण्यात मावत नाही तोवर या चाचणीला अर्थ नाही. तोवर क्लब जे देईल ते मारा. सराव आणि स्पर्धा यांत छर्रे बदलू नका, एवढं पुरे.

डबा खाली पडला की मागचा पातळ घेर दबतो. छर्रा टेबलावर गडगडवून बघा: चांगला असेल तर एका बाजूला सुरेख वळतो, दबलेला असेल तर अडखळतो. अडखळणारे वेगळ्या डबीत काढा आणि फेकून द्या. डबी खिशात टाकून पळत बस पकडणाऱ्यांचे निम्मे छर्रे असेच वाया जातात.

वापरलेले छर्रे गोळा करून पुन्हा मारायची कल्पना दर वर्षी कुणाला तरी सुचते. एकदा आपटून चपटा झालेला छर्रा नळीत अडकतो. अडकलेला छर्रा दुसऱ्या छर्ऱ्याने ढकलायला जाऊ नका. कोचना बोलवा.

७. साइटचे क्लिक, आणि माझा गेलेला एक दिवस

साइट म्हणजे ज्यातून बघून नेम धरतात ती, एक नळीच्या पुढच्या टोकाला, एक मागे डोळ्याजवळ. मागच्या साइटवर दोन चक्रं असतात, एक वर-खालीसाठी, एक डावी-उजवीकडे. जर्मन बनावटीच्या साइटवर H, T, R, L अशी अक्षरं कोरलेली असतात. एच म्हणजे वर, टी म्हणजे खाली. माझे शॉट खाली जात होते. मी साहजिकच 'वर न्यायचंय' म्हणून एचकडे फिरवलं. शॉट आणखी खाली. पुन्हा एचकडे. पंधरा शॉटनंतर छर्रे काळ्या भागाच्या बाहेर पांढऱ्यात पडायला लागले आणि मला रायफल बिघडली असं वाटायला लागलं.

त्या अक्षराचा अर्थ 'शॉट वर गेला असेल तर इकडे फिरवा' असा असतो. म्हणजे खाली गेला असेल तर टीकडे. सगळ्या साइटवर असंच असेल असं नाही, म्हणून नवीन साइट हातात आली की आधी एकाच दिशेला दहा क्लिक फिरवून एक शॉट मारा, छर्रा कुठे सरकला ते बघा आणि पेटीच्या झाकणात आतून चिठ्ठी चिकटवा. माझी अजून आहे.

एका शॉटवरून क्लिक फिरवू नका. पाच मारा, पुंजक्याचा मध्य कुठे आहे बघा, मग फिरवा. आणि पुढच्या साइटमधली रिंग फार बारीक घेऊ नका. बारीक रिंगमध्ये काळा गोल घट्ट बसतो, म्हणून अचूक वाटतं; पण जरा हललं की घाबरून बोट चाप खेचतं. गोलाभोवती पांढरी कड स्पष्ट दिसली पाहिजे.

८. खरेदीचा क्रम

तीन-चार महिने क्लबच्या रायफलवर काढले असतील तर आता पैशाचं बोलू.

पहिले बूट आणि जॅकेट, रायफल नाही. जॅकेट दुसऱ्याचं चालत नाही, रायफल चालते. नियमाप्रमाणे जॅकेटच्या कापडाचा एक थर २.५ मिमीपेक्षा जाड नसावा आणि ठराविकपेक्षा कडकही नसावं. स्पर्धेत यंत्राने तपासतात. वाढत्या वयाच्या मुलांना खूप मोठं जॅकेट 'पुढे होईल' म्हणून घेऊ नका. ढगळ जॅकेट आधार देत नाही आणि बटणाजवळ किती सैल चालेल यालाही मर्यादा असते. भारतीय बनावटीचे पोशाख आता चांगले मिळतात, माप देऊन शिवून घ्या.

मग डोळ्यावरची पट्टी आणि चष्मा. एक डोळा मिटून नेम धरू नका, उघड्या डोळ्यालाही त्याचा ताण येतो. न वापरायच्या डोळ्यासमोर पांढरी अर्धपारदर्शक पट्टी लावतात. ती घरीही कापता येते.

रायफल शेवटी. परदेशी बनावटीची कॉम्प्रेस्ड एअरची नवी रायफल लाखांच्या हिशेबात जाते. भारतीय बनावटीच्या त्याहून बऱ्याच स्वस्त आहेत आणि पहिल्या दोन-तीन वर्षांना पुरून उरतात. जुनी घेणार असाल तर क्लबमधल्या ओळखीच्या माणसाकडून, कोचना दाखवून. आणि सिलिंडरवरची तारीख वाचून.

हे मी ठळक सांगते. हवेच्या सिलिंडरवर बनवल्याची तारीख असते आणि त्याचं आयुष्य साधारण दहा वर्षं धरतात. माझी पहिली रायफल जुनी, सुरेख, स्वस्त. पहिल्या राज्य स्पर्धेत इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे साहित्य तपासणीच्या, टेबलावर बसलेल्या मुलाने सिलिंडर उलटं केलं, तारीख वाचली आणि माझ्याकडे बघितलं. मुदत चार महिन्यांपूर्वी संपली होती. शेजारच्या लेनवरच्या, मला अजिबात न ओळखणाऱ्या एका काकांनी त्यांचं जादा सिलिंडर दिलं म्हणून मी उभी राहू शकले. ते बसलं हेही नशीब, कारण सगळ्या रायफलींचे आटे सारखे नसतात.

९. हवा भरताना

बहुतेक सिलिंडर २०० बारचे. त्याहून जास्त भरल्याने रायफल जोरात मारत नाही, फक्त धोका वाढतो. हळू भरा, भसकन भरलं की सिलिंडर तापतं आणि गार झाल्यावर दाब खाली येतो. भरायच्या जागी किंवा आट्यांना घरातलं मशीनचं तेल, खोबरेल, काहीही लावू नका. जास्त दाबाच्या हवेत तेल पेट घेऊ शकतं. रबरी रिंगला काही लावायचंच असेल तर कंपनीने सांगितलेलं सिलिकॉन ग्रीस, तेही नावापुरतं. एका भरण्यात दोनेकशे शॉट सहज होतात, त्यामुळे सरावाला निघताना रोज भरायची गरज नसते. विमानाने जायचं असेल तर सिलिंडर रिकामं करून, रायफलपासून काढून, विमान कंपनीला आधी कळवून.

१०. पहिली स्पर्धा

रस्ता साधारण असा: क्लब, जिल्हा, राज्य, मग मावळंकर किंवा विभागीय स्पर्धा, मग राष्ट्रीय. मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर, १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल असोसिएशन उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने. प्रत्येक टप्प्यावर पुढे जायला किमान गुण ठरलेले असतात आणि ते बदलत राहतात, म्हणून मागच्या वर्षीच्या आकड्यावर विसंबू नका, त्या वर्षीचं परिपत्रक वाचा. अर्ज भरताना एनआर (राष्ट्रीय नियमांचा) आणि आयएसएसएफ (आंतरराष्ट्रीय नियमांचा) असे दोन गट दिसतात. नवशिक्याने कुठे भरायचं ते कोचना विचारूनच टिक करा. चुकीच्या गटातली फी परत मिळत नाही.

आदल्या दिवशी इक्विपमेंट कंट्रोल उरकून घ्या. स्पर्धेच्या दिवशी लेनवर आधी १५ मिनिटं तयारीची आणि सायटरची, म्हणजे न मोजल्या जाणाऱ्या शॉटची. मग ६० शॉट, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर सव्वा तासात. सव्वा तास भरपूर असतो. पहिल्या स्पर्धेत मी ६० शॉट चाळिसेक मिनिटांत संपवले आणि उरलेला वेळ इतरांच्या पाठी बघत बसले.

सायटरमध्ये क्लिक पक्के करा. 'मॅच फायरिंग, स्टार्ट' झाल्यावर पहिला शॉट लगेच मारायची घाई नको. अर्धा मिनिट रायफल टेकवून उभं राहा, छाती धडधडतेय ते कमी होऊ द्या. एखादा आठ पडेल. पडला की रायफल खाली, पाणी, डोळे मिटून पायांची जागा तपासा, मग पुढचा. आठची भरपाई करायला म्हणून लगेच मारलेला शॉट बहुतेक वेळा दुसरा आठ असतो.

पिशवीत काय काय: फाइल, छर्ऱ्यांचे दोन डबे, सेफ्टी फ्लॅग (एक जादा, हा हमखास हरवतो), स्क्रू घट्ट करायच्या किल्ल्या, डोळ्यावरची पट्टी, आतून घालायचा सुती टीशर्ट आणि एक कोरडा बदलायला, कारण त्या जॅकेटात जानेवारीतही घाम निथळतो. केळं किंवा चिक्की, हात धुऊन खायला. साबणाची वडी स्वतःची न्या, स्वच्छतागृहात ती नसते.

'स्टॉप, अनलोड' झाल्यावर कोठी उघडा, फ्लॅग घाला, अधिकारी येऊन बघेपर्यंत लेन सोडू नका. गुण लागले की फलकावर स्वतःचं नाव, जन्मवर्ष आणि गट नीट वाचा. माझं नाव एकदा पुरुषांच्या यादीत लागलं होतं. हरकत नोंदवायची वेळ फलकावर लिहिलेली असते, ती फार थोडी असते, म्हणून कपडे बदलायला जाण्याआधी फलक बघा.